दादाची ओळख पटवणेबाबत

मी फक्त एक फोटो बदलायला सांगितला होता. हे आधीच स्पष्ट केलेलं बरं, कारण पुढे जे काही झालं त्याबद्दल आमच्या घरात अजूनही माझ्याकडेच बोट दाखवलं जातं. ओळखपत्रावरचा फोटो जुना झालाय, नवा लावून घे, दोन मिनिटांचं काम आहे, एवढंच मी दादाला म्हणालो होतो. मी स्वतः एका कचेरीत आस्थापना विभागाचा हेडक्लार्क आहे. असे फोटो मी शेकड्यानं बदलून दिले आहेत. 'म्हणूनच तुम्हाला कळायला हवं होतं, भावोजी, की दोन मिनिटांचं काम कचेरीत दोन मिनिटांत होत नाही,' हा वहिनीचा मुद्दा मात्र मला आजपर्यंत खोडता आलेला नाही.

माझा थोरला भाऊ वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारातल्या दुकानांमधले काटे आणि वजनं तपासायची, बरोबर असतील त्यांच्यावर शिक्का मारायचा, नसतील ती उचलून न्यायची, हे त्याचं काम. ते त्यानं तेहेतीस वर्षं केलं आणि त्यातली निदान वीस वर्षं तो एकशे एकवीस किलोचा होता. दादा दुकानात शिरला की दारातून येणारा उजेड बंद व्हायचा, आणि दुकानदाराला मान वर न करता कळायचं की कोण आलंय. तो दादा सोळा महिन्यांत सत्तर किलोवर आला. माझी धाकटी मुलगी एक्कावन्न किलोची आहे. म्हणजे दादानं स्वतःतून एक अख्खी पुतणी वजा केली.

हे कसं केलं याच्या फार खोलात मी शिरत नाही, कारण दादाही कधी शिरला नाही. वजन उतरवणारी माणसं सहसा उतरलेल्या किलोमागे तासभर बोलतात. दादा या विषयावर सोळा महिन्यांत मोजून पाचेक वाक्यं बोलला असेल. सुरुवात तेवढी मी डोळ्यांनी पाहिली, कारण डॉक्टरांकडे मीच त्याला घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, आकडा वाचला आणि हे असंच चाललं तर निवृत्तीचा सत्कार स्वीकारायलासुद्धा तुम्ही उरणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी सुनावलं. दादानं ते शांतपणे ऐकलं, काट्यावरून उतरला, मोठ्या कष्टानं गुडघे टेकून जमिनीवर बसला आणि काटा उलटा करून पाहू लागला. रिकामा असतानाही काटा एक किलो दोनशे ग्रॅम दाखवत होता आणि त्यावरचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा होता. डॉक्टर म्हणाले, अहो, पण मुद्दा तुमच्या वजनाचा आहे. दादा म्हणाला, "माझं मी बघतो. तुम्ही काट्याचं बघा." दोघांनीही आपापलं काम चोख केलं, असं मला प्रामाणिकपणे म्हणावं लागेल.

त्या दिवसापासून त्यानं स्वतःच्या तोंडावर निरीक्षक नेमला. ताटात पडणारी प्रत्येक गोष्ट आधी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर जायची, आणि वहिनीनं प्रेमानं ग्रॅमभर जास्त वाढलं तर तेवढं परत यायचं. कचेरीचे चार मजले तो पायी चढू लागला. पहिल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून तो इतका वेळ धापा टाकायचा, की तिथल्या विभागात त्याला आपलं काम घेऊन आलेला अर्जदार समजत. पण एकही दिवस चुकला नाही. आमच्या हिनं या काळात माझ्या प्रत्येक जेवणाला 'दादांकडे बघा' हे वाक्य तोंडी लावायला दिलं. मी बघत होतो की. अगदी मनापासून, तोंडात घास ठेवून बघत होतो. मी चौऱ्याण्णव किलोचा आहे आणि मला ठाऊक आहे की दुसरा घास नको म्हणणं म्हणजे काय असतं.

अडचण वजनाची नव्हतीच, अडचण होती ओळखीची. माणूस हळूहळू बदलला तर घरच्यांना कळत नाही आणि बाहेरच्यांना एकदम कळतो. दादाच्या बाबतीत बाहेरच्यांना तो कळेचना. एका लग्नात त्याचा शाळेतला मित्र भेटला. त्यानं मला लांबूनच ओळखलं, जवळ आला, शेजारी उभ्या दादाकडे पाहून 'हे तुमचे धाकटे बंधू का?' असं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत गंभीर होऊन म्हणाला की तुमच्या थोरल्या भावाचं ऐकलं, फार वाईट झालं. कुठून काय ऐकलं होतं कोण जाणे. बहुधा 'तो आता पूर्वीचा राहिला नाही' एवढंच ऐकलं असावं. मग दहा मिनिटं तो दादाच्या खांद्यावर हात ठेवून दादाच्या आठवणी सांगत होता. दादा मान खाली घालून आपला मृत्युलेख ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "निबंधाचं बक्षीस पहिलं नव्हतं रे. दुसरं होतं."

मित्राची शुद्ध हरपायची तेवढी बाकी राहिली. मला मात्र त्या प्रसंगातली एकच गोष्ट लागली. मी दादापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. दादा मला अजून 'धाकट्या' म्हणतो. आणि त्या लग्नापासून जो भेटेल तो मला वाकून नमस्कार करू लागला आणि दादाला 'काय, नोकरीबिकरी ठीक ना?' असं विचारू लागला. खुर्ची एकच असली तर ती मला मिळायची. या अपमानाची दाद कुठे मागतात ते मला अजून कळलेलं नाही.

मग तो फळवाल्याचा प्रसंग घडला. निवृत्तीला महिना राहिला होता. दादा नेहमीसारखा बाजारात फिरत होता आणि कोणी त्याला ओळखत नसल्यामुळे तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला बाजार जसा आहे तसा दिसत होता. एका फळवाल्यानं त्याच्यादेखत पारड्याखाली चपटं लोखंड चिकटवलं. दादानं काटा उचलला. फळवाल्यानं आरडाओरडा केला, चार माणसं जमली, ओळखपत्र दाखवा म्हणाली. दादानं दाखवलं. त्यावर एकशे एकवीस किलोचा, गालांत डोळे हरवलेला माणूस. ओळखपत्र हातोहात फिरलं आणि सगळे इतके हसले, की फळवाला काटा घेऊन कधी पसार झाला ते कोणाला कळलं नाही. हे ऐकल्यावर मी म्हणालो, फोटो बदल. मी काय वाईट सांगितलं?

अर्जाचा मसुदाही मीच लिहिला. हे मला कबूल केलं पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच झाला. मसुद्याच्या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या कचेरीत कोणी नाही. मी विषय लिहिला, संदर्भ लिहिला आणि मग ते वाक्य लिहिलं, ज्याचा मला पुढचे दोन तास अभिमान वाटत होता : 'तरी सोबत जोडलेल्या छायाचित्रातील इसमास यापुढे सदर ओळखपत्रावरील निरीक्षक समजण्यात यावे, ही विनंती.' दादानं वाचलं, 'इसम कशाला?' असं विचारलं. कचेरीच्या भाषेत असंच असतं, असं सांगून मी त्याला गप्प केलं.

आता योग कसा पाहा. त्याच दिवशी बाजारातल्या व्यापारी संघाची तक्रार दादाच्या कचेरीत पोचली. तक्रारीत म्हटलं होतं की एक कृश इसम निरीक्षक साहेबांचं ओळखपत्र घेऊन बाजारात फिरतो, त्यांचं नाव सांगून काटे उचलतो, तरी या तोतयाचा बंदोबस्त व्हावा. दोन्ही कागद एकाच कारकुनाच्या टेबलावर आले. कारकून माझ्याच जातकुळीतला, म्हणजे माणसाकडे न बघता कागद नीट वाचणारा. त्यानं तक्रार वाचली, माझा मसुदा वाचला आणि त्याला घाम फुटला. तोतया स्वतःच अर्ज करून सांगत होता की मला निरीक्षक समजा, हा माझा फोटो. त्यानं दोन्ही कागद एका दोऱ्यात ओवले आणि फाइल साहेबांपुढे ठेवली.

साहेब नवे असले तरी दादाला रोज पाहत होते. त्यांनी दादाला बोलावून सांगितलं की तुम्ही तुम्हीच आहात हे मला ठाऊक आहे, पण फाइलला ठाऊक नाही. एकदा फाइल झाली की मला काय ठाऊक आहे याला किंमत राहत नाही. मी तिथे असतो तर टाळी दिली असती, इतकं हे खरं आहे. सहकाऱ्यांची साक्ष चालणार नव्हती, ते हितसंबंधी. नातेवाइकांची चालणार नव्हती, ते जास्तच हितसंबंधी. अंगठ्याचं यंत्र होतं, पण तेहेतीस वर्षं लोखंडी वजनं उचलून दादाच्या बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झालेल्या, त्यामुळे यंत्रानं तर तो जाडा होता तेव्हाही त्याला कधी ओळखलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : तक्रार व्यापाऱ्यांची आहे, तर ओळखही व्यापाऱ्यांनीच पटवावी. दादाला दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या, बाजारातल्या दोन परवानाधारक दुकानदारांनी ठरावीक नमुन्यावर सही करावी. शुक्रवारी कचेरी बंद व्हायच्या आत. तोवर दादानं बाजारात काम म्हणून पाऊल टाकायचं नाही.

शुक्रवारच का, तर सोमवारी बाजाराची वार्षिक फेरपडताळणी होती. वर्षातून एकदा सगळ्या बाजाराची वजनं आणि काटे बाहेर काढून तपासतात. दादाची ही शेवटची फेरपडताळणी. तो नसला तर ती त्याच्या हाताखालच्या माणसाकडे जाणार होती, आणि त्या माणसाची ख्याती अशी, की तो हॉटेलात बसून चहा पिता पिता अख्ख्या बाजारावर शिक्के मारून मोकळा होतो. दादा मला म्हणाला, "निवृत्तीचे कागद अडकले तरी चालतील धाकट्या, आज ना उद्या सुटतील. सोमवार परत यायचा नाही." एवढ्या वर्षांत त्यानं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. सोमवार मात्र त्याला हवा होता.

ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांची रांग लागली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की सरळ वर्तमानपत्रात जाहिरात द्या, 'मी तोच आहे'. समोरच्या शिवणवाल्या बाईंनी दादाच्या पँटी इतक्या वेळा आत घेतल्या होत्या की मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटले होते. त्यांना वाटत होतं की वेगवेगळ्या मापाला आत घेतलेल्या तीन पँटी घेऊन जाऊन व्यापाऱ्यांपुढे क्रमानं मांडाव्यात. पण सर्वांत सोपा तोडगा माझ्या बायकोनं काढला. जुना कोट अजून आहे, आत दोन उशा बांधा, ओळखलं तर ओळखलं, सही झाली की काढून टाका. पोस्टमास्तरांनी तत्काळ घरून दोन उशा आणल्या. त्या त्यांच्या पत्नीनं नंतर येऊन परत नेल्या, तो वेगळाच प्रसंग. मलाही कल्पना पटली होती. मी दादाकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून उशीला लावलेला हात काढून घेतला.

"मी?" दादा म्हणाला. "मी खोटं वजन लावून बाजारात जाऊ?"

पोस्टमास्तर स्वतःच्या घरी गेले.

मंगळवारी मी रजा टाकली आणि दोघे बाजारात निघालो. पहिली सही इतक्या सहज मिळाली, की मी हुरळून गेलो. कोपऱ्यावर सुतळी आणि मेणबत्त्या विकणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. दादानं 'नमस्कार' म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, बसा साहेब, पाणी घ्या, कुठे सही करायची? आपण ओळखलं कसं, असं मी विचारलं. त्यांना तो प्रश्नच कळला नाही. साहेब आहेत ते, त्यांना काय ओळखायचं, असं म्हणून त्यांनी सही ठोकली. बाहेर पडल्यावर दादा म्हणाला की तेहेतीस वर्षांत त्यांची वजनं एकदाही कमी भरली नाहीत.

मग मात्र गाडं अडलं. कापडवाले म्हणाले की आमचे साहेब या दारातून सरळ येतच नसत, आडवे होऊन यायचे, तुम्ही सरळ आलात. खिळे-मोळेवाल्यानं दादाभोवती एक चक्कर मारली, कोटाची बाही चाचपली आणि कोट साहेबांचाच आहे, आतल्या माणसाबद्दल सांगता येत नाही, असा निर्वाळा दिला. साबणवाले तर भलतेच भावूक झाले. साहेबांसारखा माणूस होणे नाही म्हणाले, डोळ्यांना रुमाल लावला आणि तुम्ही त्यांचे कोण, असं दादालाच विचारलं. एकानं मला थोरला समजून खुर्ची दिली आणि मला सुचवलं की साहेब म्हणून तुम्हीच उभे राहिलात तर आम्ही सही करू, तुमची अंगकाठी जास्त जुळते. मी ती खुर्ची लगेच सोडली. बुधवार गेला, गुरुवार गेला. वीस दुकानं झाली. त्या बाई सोडल्या तर एकाही माणसाला दादा ओळखता येईना.

गुरुवारी संध्याकाळी मी दादासमोर हात टेकले. म्हटलं, जाऊ दे, लोकांची नजर तरी किती धरून ठेवणार, एक्कावन्न किलो म्हणजे गंमत नाही. दादा बूट काढत होता. तो म्हणाला, "अरे, सगळ्यांनी ओळखलंय मला. मी दारात आलो की प्रत्येकाचा हात आधी पारड्याकडे गेला. तू बघितलं नाहीस?"

मी खरंच बघितलं नव्हतं. मी लोकांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तो हातांकडे बघत होता. आणि मग मला सगळं लख्ख कळलं. ही माणसं सोमवार टळायची वाट बघत होती. त्यांना दादाला न ओळखणंच सोयीचं होतं. मी ताडकन उठलो, एकेकाची तक्रार करतो म्हणालो, तीन मसुदे तोंडी रचले. दादानं मला पाणी दिलं आणि म्हणाला, तुझे मसुदे आता राहू देत.

शुक्रवार उजाडला. उरलं होतं एकच मोठं दुकान, घाऊक किराण्याच्या शेठचं. शेठ म्हणजे व्यापारी संघाचे अध्यक्ष. तोतयाची तक्रार त्यांच्याच सहीनं गेली होती. दादानं एकवीस वर्षांत त्यांच्यावर सहा खटले भरले होते आणि सहाही जिंकले होते. दादा तिथे जायला तयार नव्हता. मीच त्याला ओढत नेलं. वाटेत त्याला चार वेळा बजावलं की तिथे फक्त सही मागायची, इकडेतिकडे बघायचं नाही, जमलं तर थोडं हसायचं. तो बरं म्हणाला. दादा बरं म्हणतो तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

शेठनी आम्हाला पाहिलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांना मोकळं केलं आणि दादाला समोरच्या स्टुलावर बसवलं. न ओळखल्याचं नाटक त्यांनी केलं नाही. ते तेवढ्यापुरते मोठे मनाचे होते. त्यांनी नमुना हातात घेतला, सुतळीवाल्या बाईंची सही पाहिली, पेन उघडलं आणि सावकाश म्हणाले, "साहेब, सही करतो. आमची काही दुश्मनी नाही. फक्त सोमवारी जरा नजर सांभाळून घ्या. शेवटचीच वेळ आहे तुमची. बाजारालाही आठवण गोड राहील."

मी दादाच्या पाठीला हळूच कोपर लावलं. हो म्हण, पुढचं पुढे बघू, असा त्या कोपराचा अर्थ होता. पेन कागदावर टेकलेलं मला दिसत होतं. आयुष्यात मला इतकी कुठली सही हवीशी वाटलेली नाही, आणि मी सह्यांवरच जगलेलो आहे.

दादानं शेठच्या बोटांखालून कागद अलगद ओढून घेतला.

"मग राहू दे," तो म्हणाला. "तुमची सही घ्यायची आणि सोमवारी तुमचाच काटा तपासायचा, तर मी तो कुठल्या हातानं तपासू?"

तो कागदाची घडी करू लागला. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. पण ते संपलेलं नव्हतं, कारण उठता उठता त्याची नजर गल्ल्याशेजारच्या काट्यावर गेली. काट्यावर काहीही नव्हतं, आणि आकडा पंधरा ग्रॅम दाखवत होता.

दादा म्हणाला, रिकामा काटा पंधरावर आहे. शेठ म्हणाले, वर पंखा आहे, हवा लागते. दादा म्हणाला, पंखा बंद करा. शेठनी पंखा बंद केला. आम्ही चौघे, म्हणजे मी, दादा, शेठ आणि त्यांचा मुनीम, त्या आकड्याकडे बघत उभे राहिलो. पंख्याची पाती थांबली. आकडा पंधरावरून हलला नाही.

शेठ म्हणाले, "साहेब, आज तुम्हाला अधिकार नाही."

"नाही ना," दादा म्हणाला. "म्हणून काही लिहीत नाही. फक्त सांगतोय. आज दिवसभर जो कोणी येईल तो पंधरा ग्रॅम कमी घेऊन जाईल. आधी एवढं नीट करून घ्या."

आणि तो दाराकडे चालू लागला. मी शेठना काय बोललो ते मला नीट आठवत नाही. बहुधा त्याच्या वतीनं माफी मागत होतो, त्याचा स्वभाव तसा आहे, तो मनाचा वाईट नाही, असं काहीबाही. घरच्या माणसानं घरच्या माणसाबद्दल असं बोलू नये, हे मला तेव्हाही कळत होतं. शेठचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी काटा बंद केला, स्वतःच्या हातानं उचलून खाली ठेवला आणि मुनिमाला आतला दुसरा काटा आणायला सांगितलं. तो आल्यावर त्यांनी आधी तो रिकामा लावून पाहिला. शून्य आलं. मग त्यांनी हाक मारली.

"साहेब, तो कागद आणा इकडे."

दादा दारात थांबला. "शब्द देणार नाही मी," तो म्हणाला.

"मागतोय कोण?" शेठ म्हणाले. "तुमच्यानंतर जो येणार आहे त्याला मी ओळखतो. तो या काट्याकडे कधी बघणार नाही. माझा फायदाच आहे त्यात." मग त्यांनी पुन्हा पेन उघडलं. "आणा कागद."

सहीच्या वर एक रकाना असतो : ओळख कशी पटली. सुतळीवाल्या बाईंनी तिथे 'बघून' एवढंच लिहिलं होतं, तेसुद्धा न बघता. शेठनी तो रकाना भरायला बराच वेळ घेतला. मग सही केली, संघाचा शिक्का मारला आणि कागद माझ्या हातात दिला. दादाच्या हातात देणं त्यांना त्या क्षणी जमलं नसावं.

पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो. कचेरी बंद व्हायला अजून दीड तास होता. दादानं विचारलं, काय लिहिलंय? त्याचा चष्मा घरी राहिला होता. मी मोठ्यानं वाचू लागलो.

'हे गृहस्थ सही मागायला आले. सहीच्या बदल्यात सवलत मागितली तेव्हा सही न घेता निघाले, आणि जाताना माझ्या काट्यातला दोष दाखवून गेले. मी यांना एकवीस वर्षे ओळखतो. असा माणूस या बाजारात एकच आहे. हे तेच आहेत.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. सव्वीस वर्षं मी सरकारी मसुदे लिहितोय. माझ्या लेखणीतून असं एक वाक्य उतरलेलं नाही. मला दादाचा इतका अभिमान वाटला, आणि मघाच्या त्या कोपराची इतकी लाज वाटली, की मी भर रस्त्यात त्याच्या पायाला हात लावला. चौऱ्याण्णव किलोचा माणूस सत्तर किलोच्या माणसासमोर वाकलेला पाहून येणारेजाणारे थबकले. त्यांच्या मते अर्थात थोरला धाकट्याच्या पाया पडत होता. पडू दे.

दादा कागदाकडे डोळे बारीक करून बघत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी मनातलं बोलेल.

"सहीखाली तारीख नाही," तो म्हणाला. "अशी सही ग्राह्य धरत नाहीत."

आणि कागद घेऊन तो परत त्या पायऱ्या चढला. मी खालीच थांबलो. दुकानात पुन्हा गर्दी झाली होती. दादा दारात पोचला तेव्हा शेठ कोणाला तरी साखर मोजून देत होते. त्यांनी मान वर केली, हातातलं माप खाली ठेवलं, आणि भरल्या दुकानात गल्ल्यामागून उठून उभे राहिले.